हत्यारांचा कायदा आणि नागरिकाचा हक्क

खंडेनवमीच्या दिवशीं पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत देवासमोर पाट मांडला जातो, आणि शस्त्रें म्हणून त्यावर ज्या वस्तू ठेवतात त्या पाहण्यासारख्या असतात. विळी, अडकित्ता, कात्री, सुरी; मुलांच्या हट्टानें एखादा स्क्रू-ड्रायव्हर; जुन्या वळणाच्या घरीं लेखणी आणि दौत. क्वचित् एखाद्या घरीं माळ्यावरची जुनी तलवार खालीं येते, गंधफूल घेते आणि पुन्हां माळ्यावर जाते. ज्या प्रांतांत दसऱ्याचें सीमोल्लंघन म्हणजे खरोखरीच मोहिमेचा प्रारंभ असे, त्या प्रांतांतील शस्त्रपूजा विळी-अडकित्त्यापर्यंत येऊन थांबली ती केवळ शांततेच्या संवयीनें नव्हे. तिच्यामागें एक कायदा आहे. त्या कायद्याविरुद्ध सत्तर वर्षें चाललेलें भांडण आहे. आणि तें भांडण जिंकण्याची वेळ आली तेव्हां स्वतंत्र देशाच्या घटनाकारांनीं ती मागणी विचारपूर्वक बाजूस ठेवल्याची हकीकत आहे. नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा कीं नसावा, हा वाद अमेरिकेचा म्हणून सुशिक्षित घरांत चर्चिला जातो. तो आपल्याहि घरचा आहे, हें सहसा लक्षांत येत नाहीं.

प्रजेच्या हातांतील हत्यारें काढून घेण्याचे कायदे १८५७ च्या धामधुमींतच सुरू झाले. त्या सालीं एक कायदा झाला, १८६० सालीं दुसरा. परंतु पुढें तीन पिढ्या ज्याला 'हत्यारांचा कायदा' याच नांवानें ओळखीत आल्या, तो १८७८ चा अकरावा कायदा लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीतला. देशी भाषांतील वृत्तपत्रांचें तोंड बांधणारा कायदाहि त्याच वर्षीं, त्याच मार्च महिन्यांत झाला. दोन्ही जुळीं भावंडेंच म्हणावयाचीं. दक्षिणेंत तेव्हां १८७६ पासून पडलेल्या दुष्काळाची धग निवाली नव्हती, आणि सुपें व आसपासच्या गांवीं सावकारांचे कागद जाळणाऱ्या शेतकऱ्यांचा १८७५ चा दंगा सरकार विसरलें नव्हतें.

कायदा बारकाईनें वाचणाऱ्याला त्यांतील 'हत्यार' या शब्दाची व्याप्तिच प्रथम चकित करते. बंदुका, तोफा व संगिनी त्यांत आहेतच; पण तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांचीं पातीं, धनुष्यबाण, हत्यारांचे सुटे भाग आणि हत्यारें बनविण्याचीं यंत्रें यांनाहि तो शब्द लागू आहे. परवान्यावांचून कोणीं हत्यारबंद होऊन बाहेर पडूं नये, असें तेरावें कलम सांगतें. परवान्यावांचून बंदूक जवळ ठेवूं नये, असें चौदावें. तलवार नुसती घरांत ठेवण्यास प्रत्येक मुलखांत परवाना लागत नसे. पण ती कमरेला लावून बाहेर पडणें हा गुन्हा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

या कलमांत गोरा आणि काळा असा भेद कोठेंहि लिहिलेला नाहीं. भेद आला तो सत्ताविसाव्या कलमाच्या मागल्या दारानें. वाटेल त्या व्यक्तीला किंवा वर्गाला कायद्यांतून सूट देण्याचा अधिकार त्या कलमानें सरकारला दिला, आणि सुटीच्या यादींत युरोपियन व अँग्लो-इंडियन लोक सरसकट जाऊन बसले. त्यांच्या जोडीला संस्थानिक व सरकारनें मानलेले कांहीं सरदार. म्हणजे कालच बोटींतून मुंबईस उतरलेल्या गोऱ्या कारकुनाला खांद्यावर बंदूक टाकून खुशाल हिंडतां येई; आणि ज्याच्या घराण्यानें चार पिढ्या घोडा व तलवार सांभाळली तो गृहस्थ परवान्याच्या अर्जासाठीं कलेक्टर-कचेरीच्या ओट्यावर बसून राही. कायदा सर्वांना सारखा आणि सूट जातीवर, ही रीत त्या राज्यांत अनेक ठिकाणीं आढळते. पण तिचें इतकें उघडें रूप दुसरीकडे कमीच दिसेल. महायुद्धानंतर १९२० च्या नव्या नियमांनीं वर्णावरची ही सूट काढून टाकली. तोंपर्यंत चाळीस वर्षें उलटून गेलीं होतीं.

मानहानि ही सुशिक्षितांची तक्रार होती. शेतकऱ्याची तक्रार याहून साधी होती. रानडुकरांचा कळप एका रात्रींत उभें पीक लोळवितो, बिबट्या गोठ्यांत शिरतो, आणि ठासणीची जुनी बंदूक सरकारजमा झालेली; गोफण आणि डबा वाजविणें एवढेंच काय तें साधन हातीं उरलें. निःशस्त्र केल्यामुळें राष्ट्राचें पौरुष गेलें, असें त्या काळच्या व्याख्यानांत वारंवार सांगितलें जाई. त्यांत अलंकार किती आणि सत्य किती हें ठरविणें कठीण. पण डुकरांनीं खाल्लेलें पीक मोजतां येत होतें.

या कायद्यानें बंडें तरी थांबलीं काय? कायद्याला पुरतें वर्ष झालें नव्हतें तोंच, १८७९ च्या फेब्रुवारींत, वासुदेव बळवंत फडके यांनीं पुणें जिल्ह्यांत रामोश्यांच्या साह्यानें उठाव केला. तीस वर्षांनीं लंडनहून सावरकरांनीं पाठविलेलीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें पेटीच्या खोट्या तळाखालीं दडून मुंबईस आलीं, आणि १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या त्यांतल्याच पिस्तुलांतून. ज्याला हत्यार हवेंच होतें त्याला तें समुद्रापलीकडून मिळालें. ज्याला डुकरें हाकलावयाचीं होतीं त्याला तें मिळालें नाहीं. शस्त्रबंदीचे विरोधक आजहि प्रत्येक देशांत हाच युक्तिवाद करतात. तो अर्धा खरा आहे. उरलेलें अर्धें सत्य असें कीं, पिस्तुलें चोरून आणावीं लागलीं म्हणूनच तीं वीस होतीं. बाजारांत मिळतीं तर दोन हजार असतीं.

राजकीय चळवळीनें हा प्रश्न फार लवकर हातीं घेतला. १८८७ च्या डिसेंबरांत मद्रासेस काँग्रेसचें तिसरें अधिवेशन भरलें. अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दिन तय्यबजी होते. त्या बैठकींत हत्यारांच्या कायद्याविषयीं ठराव आला आणि तरुण बिपिनचंद्र पाल यांनीं त्यावर जोरदार भाषण केलें. ठरावाची भाषा राजनिष्ठेची, आर्जवाची. मागणी मात्र मुळालाच हात घालणारी होती. हा कायदा प्रजेवर विनाकारण ठपका ठेवतो. तेव्हां सर्वांना हत्यारें बाळगण्याची मोकळीक असावी, आणि ज्या व्यक्तीला किंवा वर्गाला ती नाकारावयाची असेल त्याच्यापुरतीं कारणें सरकारनें लेखी नमूद करून प्रसिद्ध करावीं, असा तिचा आशय. मनाई हा नियम आणि परवाना हा अपवाद, ही मांडणीच उलटी करून मागितली होती. सरकारनें ती अर्थातच मान्य केली नाहीं. पण कारणें लेखी द्यावीं, हा त्यांतला भाग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे; बहात्तर वर्षांनीं तो पुन्हां भेटतो.

यानंतरची सर्वांत विलक्षण साक्ष महात्मा गांधींची. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत ते सैन्यभरतीसाठीं हिंडत होते. त्या वेळच्या पत्रकांत त्यांनीं, एका सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हें ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांतील सर्वांत काळें कृत्य म्हणून इतिहासांत गणलें जाईल, अशा आशयाचा मजकूर घातला. पुढें आत्मचरित्रांत तो प्रसंग त्यांनीं स्वतः सांगितला आहे. अहिंसेच्या उपदेशकानें असें लिहावें याचें अनेकांना नवल वाटतें. पण ज्याच्या हातांत काठीहि नाहीं त्याच्या क्षमेला अर्थ नाहीं, ही त्यांची विचारसरणी होती. १९३० च्या जानेवारींत मिठाच्या सत्याग्रहापूर्वीं त्यांनीं सरकारपुढें ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांतहि स्वसंरक्षणासाठीं बंदुकीचे परवाने द्यावे, अशी एक होती. मात्र तिला त्यांनीं एक शेंपूट जोडलें होतें : परवान्यांवर लोकांचें नियंत्रण असावें. दारूबंदी, मीठकर आणि रुपयाचा दर यांच्या गर्दींत त्या चार शब्दांकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

दुसऱ्या वर्षीं, १९३१ सालीं, कराचीस वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखालीं मूलभूत हक्कांचा ठराव झाला आणि ऑगस्टमध्यें मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीनें त्याला शेवटचें रूप दिलें. त्या संबंधांत केलेल्या नियमांस अनुसरून शस्त्रें ठेवण्याचा व धारण करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास राहील, असें एक कलम त्यांत आहे. 'ठेवणें व धारण करणें' ही शब्दांची जोडी ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना ती कोठली हें सांगावयास नको. अमेरिकेच्या घटनेला १७९१ सालीं जी दुसरी दुरुस्ती झाली तींतील ही जोडी. आणि अमेरिकेनें ती कल्पना घेतली इंग्लंडकडून. १६८९ च्या इंग्लंडच्या हक्कपत्रांत प्रॉटेस्टंट प्रजेला आपल्या दर्जाला शोभतील व कायदा परवानगी देईल अशीं शस्त्रें स्वसंरक्षणासाठीं ठेवण्याची मुभा आहे. कारण आदल्या राजानें तीं काढून घेतलीं होतीं. म्हणजे ज्या राष्ट्रानें आपल्या राजाविरुद्ध हा हक्क लिहून घेतला, त्याच राष्ट्राच्या राज्यानें तो हिंदुस्थानांत नाकारला, आणि हिंदुस्थाननें तो त्याच्याच शब्दांत परत मागितला. तिन्ही ठिकाणीं हक्काचें तोंड एकाच दिशेला होतें : राज्याकडे. शेजाऱ्याकडे नव्हे.

ती दिशा बदलली १९४८ सालीं.

त्या वर्षाच्या डिसेंबराच्या प्रारंभीं घटना समितीपुढें मसुद्याचें तेरावें कलम आलें. आजच्या घटनेंत तें एकोणिसावें आहे. भाषणस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य असे सात हक्क त्यांत होते. ह. वि. कामत यांनीं त्यांत आठवा घालण्याची सूचना मांडली : शस्त्रें ठेवण्याचा व धारण करण्याचा. आय. सी. एस. ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या पक्षांत गेलेले कामत मध्यप्रांत-वऱ्हाडाकडून निवडून आले होते. कराचीच्या ठरावाचा आधार त्यांच्यापाशीं होता, आणि सार्वजनिक शांततेसाठीं नियमन करण्याची सरकारला मोकळीक देणारी पुस्तीहि त्यांनीं जोडली होती. काँग्रेसनें एकसष्ट वर्षें मागितलेली वस्तु स्वराज्यांत द्या, एवढेंच त्यांचें म्हणणें. तें दुबळें होतें असें कोणालाहि म्हणतां येणार नाहीं.

परंतु सभा ज्या दिवसांत भरली होती ते दिवस आठवले पाहिजेत. पंजाब आणि बंगाल यांतील फाळणीच्या कत्तलींना दीड वर्षहि लोटलें नव्हतें. दहा महिन्यांपूर्वीं दिल्लींत गांधीजींचा खून झाला होता; इटालियन बनावटीचें तें पिस्तूल ग्वाल्हेरीस मिळविलेलें होतें. मराठवाडा नुकता रझाकारांच्या तावडींतून सुटला होता. खाजगी माणसांच्या हातीं बंदुका आल्या म्हणजे काय होतें तें निजामाच्या राज्यांतील खेड्यांनीं अंगावर सोसलें; आणि त्याच खेड्यांतल्या व सरहद्दीवरच्या तरुणांनीं रझाकारांशीं टक्कर दिली तीहि बंदुका मिळवूनच. एकाच मुलुखाचा अनुभव दोन्ही पक्षांना पुरावा म्हणून वापरतां आला असता.

डॉ. आंबेडकरांनीं उत्तर दिलें तें थोडक्यांत, पण प्रश्नाचे दोन तुकडे करणारें. ब्रिटिशांनीं हिंदी माणसाला हत्यार नाकारलें तें शांतता-सुव्यवस्थेसाठीं नव्हे. परक्या राज्याविरुद्ध जित लोकांनीं उठूं नये म्हणून. तें कारण गेलें, तेव्हां त्याच्यावर उभे असलेले ठरावहि आतां पायाशिवाय आहेत. हा पहिला तुकडा. दुसरा असा कीं, प्रत्येकानें बाजारांत जाऊन वाटेल तें घातक साधन विकत घ्यावें आणि राज्यानें आड येऊं नये, अशी स्थिति झाल्यास राज्यकारभार चालावा कसा? कामतांनीं नियमनाची पुस्ती दाखविली. पण हक्क आणि परवाना यांत फरक आहे तो येथेंच. हक्क म्हटला कीं तो जन्मतःच सर्वांचा. मग सराईत गुंडाला तो का नको, हें प्रत्येक वेळीं राज्यानें न्यायालयांत सिद्ध करावयाचें. परवाना म्हटला कीं तो आपल्याला का हवा, हें मागणाऱ्यानें सिद्ध करावयाचें. सूचना नामंजूर झाली. घटनेंतील हक्कांच्या प्रकरणांत नागरिकाच्या हातांतील शस्त्र आज दोनच ठिकाणीं भेटतें : एकोणिसाव्या कलमांत 'शांततेनें व विनाशस्त्र' एकत्र जमण्याच्या हक्कांत, आणि पंचविसाव्या कलमाच्या खुलाशांत, जेथें कृपाण हें शीख धर्माचरणाचें अंग मानलें आहे.

अमेरिकेंत नेमकें उलटें झालें. तेथील दुसरी दुरुस्ती नागरिकसेनेच्या उल्लेखानें सुरू होते. त्यामुळें हा हक्क सेनेपुरता कीं व्यक्तीचा, यावर कायदेपंडितांनीं दोनशे वर्षें वाद घातला. २००८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो व्यक्तीचा ठरविला, आणि २०२२ सालीं घराबाहेर पिस्तूल बाळगण्यापर्यंत वाढविला. जिनिव्हा येथील स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेनें २०१७ सालासाठीं केलेल्या अंदाजाप्रमाणें अमेरिकेंत नागरिकांच्या हातीं सुमारे ३९ कोटी बंदुका-पिस्तुलें होतीं. शंभर माणसांमागें एकशें वीस. तेथें शाळांत गोळीबार होतो, देश हळहळतो, आणि कायदा करूं जावें तर १७९१ चें वाक्य आड येतें. कामतांची सूचना मंजूर झाली असती तर येथेंहि तसेंच घडलें असतें, असें म्हणणें घाईचें होईल. त्यांच्या पुस्तीमुळें सरकारला पुष्कळ जागा उरली असती. पण त्या जागेची हद्द ठरविण्याचा झगडा प्रत्येक पिढीला करावा लागला असता, एवढें खरें.

लिटनसाहेबांचा कायदा मात्र स्वराज्य आल्यावरहि बारा वर्षांहून अधिक काळ तसाच चालू राहिला. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला, आणि तो जुन्याची नुसती नक्कल नाहीं. बंदुकीला सर्वत्र परवाना. तलवार, भाला, नऊ इंचांहून लांब पात्याचे चाकू अशा शस्त्रांना जेथें सरकार तसें जाहीर करील तेथेंच. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठीं बनविलेलीं साधनें शस्त्रांच्या व्याख्येंतूनच वगळलीं आहेत. त्यामुळें खंडेनवमीच्या पाटावरील विळीला कायद्याचें भय नाहीं. पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून कोणाला परवाना नाकारूं नये, असें एक कलम आहे. ज्यानें जुना काळ पाहिला त्यालाच त्याची किंमत कळेल. आणि परवाना नाकारल्यास अधिकाऱ्यानें त्याचीं कारणें लेखी नोंदवावीं व मागितल्यास अर्जदाराला कळवावीं, असेंहि आहे. मद्रासच्या ठरावांतील मागणीचा तेवढा तुकडा असा पदरांत पडला. अर्थात् सार्वजनिक हिताला बाध येत असेल तर कारणें न कळविण्याची मोकळीक अधिकाऱ्यानें राखून ठेवली आहेच.

कागदावर एवढें नीट असतां प्रत्यक्षांत काय होतें? पिकाच्या रक्षणासाठीं ठासणीची बंदूक हवी असल्यास परवाना द्यावा, असें कायदाच सांगतो. कोंकणांत व गोव्यांत असे शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत. पण निवडणूक लागली कीं बंदूक पोलीस ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम निघे, आणि बंदूक ठाण्यांत व वानर-डुकरें बागेंत अशी स्थिति होई. सरसकट सर्वांचीं शस्त्रें जमा करूं नयेत, प्रत्येकाचा निराळा विचार करावा, असें मुंबई उच्च न्यायालयानें २००९ सालीं गोव्यांतील एका प्रकरणांत सांगितलें, तेव्हांपासून त्यासाठीं छाननी समित्या बसतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें परवानगीवांचून रानडुकराला मारणें हा गुन्हाच; तेव्हां बंदूक असून पुष्कळदां ती बार काढण्यापुरतीच. शेतकऱ्याची १८७८ ची तक्रार अजून पुरती मिटलेली नाहीं.

दुसऱ्या टोकाला शहर आहे. दिल्लींतील २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ च्या प्रारंभीं स्त्रियांसाठीं म्हणून 'निर्भीक' नांवाचें हलकें रिव्हॉल्व्हर काढलें. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ज्या स्त्रीला रात्रीं बसच्या थांब्यावर भय वाटतें तिच्या पगाराशीं या आंकड्याचा मेळ कसा घालावयाचा, हें कारखान्यानें सांगितलें नाहीं. एका परवान्यावर पूर्वीं तीन बंदुका ठेवतां येत. २०१९ च्या दुरुस्तीनें त्या दोनवर आणल्या, परवान्याची मुदत तीनांवरून पांच वर्षें केली, आणि लग्नांत किंवा मिरवणुकींत बेदरकारपणें गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला. उत्तरेंत वरातीच्या गोळीनें कित्येक मांडवांत रडारड झाली आहे; त्या मानानें हा दंड सौम्यच.

पण परवान्याची ही सारी चर्चा ज्या बंदुकांची आहे, त्या एकंदरींत थोड्या आहेत. वर उल्लेखिलेल्या संस्थेच्याच अंदाजानें भारतांत नागरिकांच्या हातीं सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका-पिस्तुलें होतीं आणि त्यांपैकीं नोंदलेलीं अवघीं ९७ लाख. बाकीचा व्यवहार गांवठी कट्ट्यांचा. बिहारांतील मुंगेर येथें नबाब मीर कासीमच्या काळापासून बंदुका घडविणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. तेथील हातोटी चोरट्या धंद्यांत उतरली आहे. सरकारी गुन्हे-अहवालांत वर्षानुवर्षें हेंच दिसतें कीं, गोळी घालून झालेल्या खुनांत परवान्याचें हत्यार क्वचित् असतें. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उत्तर प्रदेशांतील विनापरवाना हत्यारांविषयीं चिंता व्यक्त करतांना, अमेरिकेप्रमाणें आपल्या घटनेंत शस्त्राचा मूलभूत हक्क नाहीं, याची आठवण दिली. १८७८ पासून चालत आलेला पेंच येथेंहि तोच आहे : कायदा पाळणाऱ्यावर कायद्याचा हात पोंचतो, न पाळणाऱ्यावर पोंचण्यास तो तोकडा पडतो. म्हणून कायदा मोकळा करावा, असें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं. हात लांब करावा, एवढेंच होतें.

जुन्या माफीच्या यादींतील एक नांव मात्र अजून टिकून आहे. कुर्गांतील कोडव लोकांना व तेथील जम्मा जमीनधारकांना १८६१ सालीं कमिशनर मार्क कब्बन यांनीं, सरकारशीं राखलेल्या निष्ठेबद्दल, शस्त्रबंदींतून सूट दिली. स्वराज्यांतहि ती चालू राहिली. २०१९ च्या ऑक्टोबरांत तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढविण्यांत आली, आणि २०२१ सालीं कर्नाटक उच्च न्यायालयानें ती घटनेशीं विसंगत नाहीं असा निर्णय दिला. तेथें मुलगा जन्मला कीं बंदुकीचा बार काढतात, आणि 'कैलपोळ्द' सणाला घरांतील बंदुका फुलांनीं सजवून पुजतात. परक्या राज्यानें निष्ठेचें बक्षीस म्हणून दिलेली वस्तु स्वतःच्या राज्यांत संस्कृति म्हणून टिकावी, हें इतिहासाचें एक गमतीचें वळण.

शेजाऱ्यापासून शेजाऱ्याला भय असेल तर राज्यानें काय करावें, या प्रश्नाला सरकारनें दिलेलें एक लेखी उत्तर मात्र फार थोड्यांच्या वाचनांत असतें. अनुसूचित जाति-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्याखालीं १९९५ सालीं नियम झाले. ज्या गांवांत किंवा मोहल्ल्यांत अत्याचाराचा संभव आहे, तेथें सरकारनें कोणते उपाय योजावे तें तिसऱ्या नियमांत क्रमानें सांगितलें आहे. अशीं ठिकाणें आधीं हुडकावीं. तेथील परिस्थितीचा जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांनीं जाऊन आढावा घ्यावा. जरूर वाटल्यास इतर समाजांतील लोकांचे, त्यांच्या नातलगांचे व नोकरचाकरांचे परवाने रद्द करून तीं शस्त्रें सरकारी शस्त्रागारांत जमा करावीं. चोरटीं हत्यारें सारीं जप्त करावीं आणि त्यांचे कारखाने बंद पाडावे. आणि एवढें केल्यावर पुढच्या पोटकलमांत : जिवाच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठीं जरूर वाटल्यास अनुसूचित जाति-जमातींच्या माणसांना शस्त्राचे परवाने द्यावे.